मुंबई–लंडन : विमानाचं अंतर आणि खरा प्रवासवेळ कसा काढायचा

किलोमीटरमधल्या अंतराला ९०० ने, म्हणजे विमानाच्या ताशी वेगाने, भागायचं आणि ‘आठ तास’ म्हणून मोकळं व्हायचं, असा सल्ला जागोजागी मिळतो. त्याच्या भरवशावर लंडनहून पुढची गाडी बुक करू नका.

१. गूगल अर्थवरची मोजपट्टी दोन्ही विमानतळांवर टेकवा. सुमारे ७,२०० किमी येईल. कुठे ३,८९० दिसलं तर ते सागरी मैल आहेत; १.८५२ ने गुणा.

२. आता ती रेषा कुठून जाते ते पाहा : कराची, उत्तर इराण, क्रिमिया, पश्चिम युक्रेन. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. वळसा आलाच. हिशेबाला ७,६०० किमी धरा.

३. वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून लंडनला जाताना सरासरी वेग ताशी ८५० किमी धरा आणि येताना ९५०. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं यांचा अर्धा तास वर. जाताना साडेनऊ तासांच्या आसपास, येताना साडेआठ.

४. खरा घोळ तिकीट वाचताना होतो. सुटण्याची वेळ मुंबईची, पोचण्याची लंडनची. त्यांची सरळ वजाबाकी करायचीच नाही. ‘साडेपाच तास मिळवायचे की वजा करायचे’ हे पाठ करण्याचाही नाद सोडा, परतीच्या तिकिटावर ते हमखास उलटं होतं. नियम एकच : लंडनची वेळ आधी भारतीय वेळेत आणायची, मग वजाबाकी. लंडन कायम आपल्या मागे, त्यामुळे तिथल्या वेळेत दरवेळी मिळवायचंच, जाताना काय नि येताना काय.

किती मिळवायचं? हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आपली हलत नाहीत. समजा, मुंबई दुपारी १:३०, लंडन संध्याकाळी ६:००. जानेवारीत ६:०० म्हणजे आपले रात्रीचे ११:३०, प्रवास दहा तासांचा. जुलैत त्याच वेळा छापल्या असतील तर ते १०:३० होतात आणि प्रवास नऊ तासांचा. तारीख न पाहता केलेला हिशेब तासाभराने चुकतो तो असा. परतीला रात्री ९:०० ला निघून सकाळी ११:३० आणि शेजारी +१ (म्हणजे दुसऱ्या दिवशी) असेल, तर जानेवारीत आपल्याकडे पहाटे २:३० ला निघालात, नऊ तास. ते +१ नजरेतून सुटलं, तर घ्यायला येणारा माणूस एक दिवस आधीच विमानतळावर उभा.

५. थांबा असलेल्या तिकिटावरच्या एकूण वेळात थांब्याचे तासही धरलेले असतात.

६. पडताळा : फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच फ्लाइट नंबरचे गेल्या आठवड्यातले वेळ पाहा. तिथला वेळ उड्डाण ते लँडिंग, तिकिटावरचा गेट ते गेट. तिकिटावर अर्धा-पाऊण तास जास्त दिसला, तर तुमचं गणित बरोबर.