उसवून बघा, मग शिवा

मिरजेत माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी कथा लिहिते. दोन-तीन दिवाळी अंकांत आल्यात, पण थरारकथा मात्र साभार परत आली. संपादकांचं म्हणणं, खून तिसऱ्याच पानावर आहे आणि भीती कुठेच नाही. राग आला, पण बोलणं खरं होतं. मग शिवण शिकताना केलं होतं तेच केलं. तेव्हा आईचा अंगाला चापून बसणारा जुना ब्लाउज टाका न् टाका उसवून बघितला होता. आता इंग्रज लेखिका डॅफ्नी द्यू मोरिए यांची १९३८ सालची कादंबरी ‘रेबेका’ उसवायला घेतली. मनात भीती मुरवणारी कादंबरी लिहायची असेल तर तुम्हीही हीच घ्या. (पुढे शेवट फोडलाय. आधी वाचून या.)

पहिल्यांदा वाचताना पेन्सिल हातात धरू नका. कुठल्या पानावर भात करपला, तेवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या वाचनाला वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. गोष्ट सांगणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष दिसलं, ऐकू आलं ते डावीकडे. त्याने त्यातून काढलेला अर्थ उजवीकडे. बाकी काही लिहायचं नाही.

‘रेबेका’ सांगणारी मुलगी मॅक्सिम द विंटरची दुसरी बायको. तिचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पहिली बायको रेबेका वारलेली, पण मॅन्डर्लीच्या त्या वाड्यात सगळीकडे तिचाच वावर. एकदा पावसात ही मुलगी घाईघाईने दुसऱ्याच कुणाचा तरी रेनकोट चढवते. कोट लांब, खांद्यात ढगळ, बाह्या मनगटाखाली उतरलेल्या, काही बटणं तुटलेली. खिशात हातरुमाल, त्यावर अक्षरं भरलेली. एवढ्यावरून ती मेलेल्या बाईचं माप काढते: उंच, सडपातळ, खांद्यांनी रुंद, बटणं लावायच्या भानगडीत न पडणारी. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. तीस वर्षं मापं घेतेय, पण नसलेल्या बाईचं माप असं कुणी घेतलेलं पाहिलं नव्हतं.

माप बरोबर, अर्थ मात्र चुकीचा. समुद्रकाठच्या खोपटाचा विषय निघाला की नवरा बिथरतो, हे डावीकडे. ‘त्याला अजून तिचीच आठवण येते’, हे उजवीकडे. प्रत्यक्षात त्याला रेबेकाचा तिटकारा होता आणि त्याच खोपटात त्याने तिला गोळी घातली होती. पुस्तक संपल्यावर वही बघा. डाव्या रकान्यातलं अक्षरही बदलावं लागत नाही, उजवा जवळजवळ सगळा खोडावा लागतो. माझ्या परत आलेल्या कथेत मी डावीकडेच खोटं लिहिलं होतं. वाचकाला फसवायचंय ना, मग त्याच्या डोळ्यांना खरं तेच दाखवा.

ती चुकीचा अर्थ का लावते, हेही बघा. लग्नाआधी ती एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण होती, मॉन्टे कार्लोच्या हॉटेलात हाताखाली राबणारी. स्वतःला कमी लेखायची सवय अंगात मुरलेली. चिनीमातीची एक मूर्ती तिच्या हातून फुटते, तर घरची मालकीण असून ती तुकडे लपवते आणि आळ नोकरावर येतो. खुनापेक्षा मला हा प्रसंग जास्त झोंबला. तेव्हा कथा बेतताना आधी सांगणाऱ्याच्या स्वभावातली खोट ठरवा, खून नंतर. आणि पहिला गुन्हा कपबशीएवढाच ठेवा.

गुपित कधी उघडायचं? इथे २७ प्रकरणं आहेत आणि नवऱ्याची कबुली विसाव्याच्या आसपास येते. नवखा लेखक ती शेवटच्या पानासाठी राखून ठेवेल. लेखिकाबाई ती लवकर देतात, कारण त्यानंतर धाकच पालटतो: आता हा पकडला जाईल का? आणि आपण चक्क खुन्याच्या बाजूने श्वास रोखून बसतो. १९४० साली दिग्दर्शक हिचकॉकने यावर चित्रपट काढला तेव्हा खुनी मोकळा सुटलेला हॉलिवूडच्या नियमांत बसत नव्हता, म्हणून मृत्यू अपघाती दाखवला. चित्रपट सुंदर आहे, पण ही कळ त्यात थोडी सैल पडते. आपल्याकडच्या १९६४ च्या ‘कोहरा’ या हिंदी चित्रपटाचं मूळही हेच, तो मात्र उसवणी झाल्यावर बघा.

आता शिवायला बसा. आम्ही शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. गोष्टीतही प्रत्येक वस्तूला अशी माया ठेवा, म्हणजे पुढे ती दुसऱ्या अर्थाने उसवून बसवता येते.

माझी नवी कथा सांगते. एक गृहस्थ मापाचा ब्लाउज घेऊन येतो. अगदी याच मापाचा शिवा म्हणतो. बायको? ती येऊ शकत नाही. टेलरीण ब्लाउज उलटा करते. बाजूच्या शिवणीत एकाआड एक तीन शिलाया, दर वेळी अर्धा इंच आत घेतलेला. डावीकडे एवढंच. उजवीकडे ती लिहिते, बाई खंगत चाललीये बिचारी. तिची स्वतःची बहीण क्षयाने गेलेली, त्यामुळे तिला दुसरं काही सुचतच नाही. तीन शिलाया म्हणजे एकच ब्लाउज घालणाऱ्या तीन बायका असू शकतात, हे तिच्या ध्यानात येईपर्यंत नवा ब्लाउज शिवून तयार असतो आणि तो माणूस काउंटरशी उभा असतो.

फक्त तिसरी शिलाई हाताची ठेवावी की मशीनची, यावर चार दिवस अडलेय. हाताची असेल तर घरातच कुणीतरी सुई चालवलीये. मशीनची असेल तर माझ्याआधी आणखी एका टेलरने तो ब्लाउज उलटा करून बघितलाय, आणि ती गप्प बसलीये.