५० + २० म्हणजे ७० टक्के सूट नाही! घरखर्चाचे टक्के काढताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधी मावशीबरोबर साड्या घ्यायला गेले होते, दुकानाबाहेर मोठी पाटी '५०% + २०% सूट', मावशीने तिथेच तोंडी हिशोब केला की ७० टक्के गेले म्हणजे २४०० ची साडी ७२० ला पडणार, आणि काउंटरवर बिल आलं ९६० चं. मावशीला वाटलं सरळ फसवतायत, ती भांडायलाच उभी राहिली, शेवटी मी बिलाच्या मागे पेनने मांडून दाखवलं. आधी २४०० चे निम्मे गेले, उरले १२००, आणि पुढचे २० टक्के लागले ते या १२०० वर, म्हणजे २४० रुपये. सगळी मिळून सूट ६० टक्के. बिल बरोबर होतं. तरी पाटीवर सरळ ६० टक्के लिहायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण '+' दिसला की कोणीही बेरीजच करणार.

चूक होते ती इथेच, दुसऱ्या वेळी टक्के कशाचे काढायचे ते आपण विसरतो. त्यामुळे किती गेलं ते बघत बसू नका, किती उरलं त्याने गुणा. १० टक्के कमी म्हणजे ०.९ ने गुणायचं, २० टक्के कमी म्हणजे ०.८ ने. साडीचं २४०० × ०.५ × ०.८, आलं ९६०. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवरचं % चं बटण प्रत्येक फोनात सारखं चालत नाही, म्हणून मी तर गुणाकारच करते.

आता घरखर्चाचं बघा, इथे जास्त जण अडकतात. आमच्याकडे बाहेरून जेवण मागवायचा खर्च महिन्याला ६००० वर गेला होता, ठरवलं की दर महिन्याला १० टक्के कमी करायचा, आणि मनात धरलं की ५ महिन्यांत निम्मा होईल. प्रत्यक्षात ५४००, ४८६०, ४३७४, ३९३७, आणि पाचव्या महिन्यात ३५४३. ३००० नाही! निम्म्याच्या खाली यायला सातवा महिना लागतो, तेव्हा २८७० होतात. पहिल्या महिन्यात ६०० वाचले, दुसऱ्या महिन्यात ५४०, मग ४८६, म्हणून घरात सगळ्यांना वाटायला लागलं की आपण ढिले पडलोय, पण तसं नव्हतं, ज्या रकमेचे १० टक्के काढतोय तीच लहान होत चाललीय. दर महिन्याला ६०० च वाचवायचे असतील तर टक्के सोडा आणि ठरवतानाच रुपयात ठरवा, घरात सांगायलाही ते सोपं पडतं.

आणि कमी केलेला खर्च तेवढ्याच टक्क्यांनी वाढला तर जुन्या आकड्यावर येतो असंही समजू नका. ५००० चे २० टक्के कमी केले, ४००० झाले, मग पाहुणे आले आणि २० टक्के वाढले तर ४८०० होतात. परत ५००० व्हायला २५ टक्के वाढ लागते.

कूपनचा क्रम पण बघा. दोन्ही सवलती टक्क्यांत असतील तर आधी कुठलीही लावा, फरक पडत नाही. पण एक २०० रुपयांचं कूपन आणि एक २० टक्के सूट असेल तर पडतो. २००० च्या खरेदीवर आधी कूपन लावलं तर १४४०, आधी २० टक्के लावले तर १४००. क्रम निवडता येत असेल तर टक्के आधी.

शेवटचं जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांचा जीएसटी १८ वरून ५ वर आला आणि बऱ्याच जणांनी सरळ १३ टक्के स्वस्त असं धरलं. पण टॅक्स मूळ किमतीवर असतो. मूळ १०० ची वस्तू आधी ११८ ला होती, ती १०५ ला यायला हवी, १३ रुपये कमी, आणि ११८ च्या मानाने ते ११ टक्केच होतात. म्हणून १०२-१०३ लाच पाहिजे असा दुकानदाराशी वाद घालू नका, पण मूळ किंमत तीच असून कोणी ११८ च लावत असेल तर बिल हातात घेऊन जरूर विचारा.