स्टँडवरच्या चालकांनी मिळून खुल्या कोडची रिक्षा-सेवा कशी सुरू करावी: भरवसा, सुरक्षा आणि भाड्याचे पैसे

बंगळुरूत नोव्हेंबर 2022 मध्ये ‘नम्मा यात्री’ सुरू झालं, तेव्हा रिक्षाचालकांची संघटना त्यात सोबत होती आणि अ‍ॅपचा कोड कुणालाही वाचता येईल असा खुला होता. फेरीमागे कमिशन नाही, भाडं थेट चालकाच्या हाती. पुढे चालकांकडून दिवसाची ठरावीक रक्कम घ्यायची पद्धत आली. 2023 मध्ये कोलकात्यात ‘यात्री साथी’ याच वाटेने आली. जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारच्या स्टँडवरही असं काही उभं करायचं मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. कोड खुला असल्यामुळे भाडं कसं काढलं जातं हे दिसतं. पण रात्री अडीच वाजता घाबरलेल्या प्रवाशाचा फोन कोण उचलणार, हे कोडात लिहिलेलं नसतं. ती माणसं आणि ते नियम आपल्यालाच उभे करावे लागतात, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

पहिली पायरी: कागदपत्रं. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि कलम 93 खाली प्रवासी व चालक यांची गाठ घालून देणाऱ्या अ‍ॅपलाही परवाना लागू झाला. म्हणून अ‍ॅप बनवायच्या आधी आरटीओत जाऊन परवान्याचं काय ते विचारून घ्या. चालकाचं लायसन्स, बॅज, गाडीचं परमिट, फिटनेस, विमा हे सगळं मुदतीत हवं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून आत घेऊ नका. एकदा घेतली की नियम मोडला, आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. कागद तपासणाऱ्याने चालकाला समोर बसवून फोटो काढावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो चालणार नाही.

दुसरी पायरी: कोड निवडणं. सगळा कोड वाचायची गरज नाही. गावातल्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या पोराला बसवा आणि चारच गोष्टी शोधायला सांगा: भाडं कुठे काढलं जातं, फेरी कोणत्या चालकाला का जाते, प्रवाशाची कोणती माहिती साठवली जाते आणि ती कोण पाहू शकतं. कोडचं लायसन्स, म्हणजे तो वापरायच्या अटी, तेही वाचा. एजीपीएल नावाचं खुल्या कोडचं लायसन्स असेल तर तुम्ही कोडात केलेले बदल सेवा वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावे लागतात. मात्र प्रसिद्ध केलेला कोड आणि सर्व्हरवर चालणारा कोड एकच आहे, हे बाहेरून दिसत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे भाड्याचं सूत्र मराठीत लिहून स्टँडवर लावायचं. कुणीही किलोमीटर मोजून हिशेब करावा, आकडा जुळला पाहिजे. आपल्याकडे बऱ्याच रिक्षा मीटर न लावता सीटवर चालतात, म्हणून ‘पूर्ण रिक्षा’ आणि ‘सीट’ असे दोन दर वेगळे लिहा. परिवहन प्राधिकरणाने ठरवलेल्या दराच्या वर जाऊ नका.

तिसरी पायरी: फेरीची सुरक्षा. भुसावळ स्टेशनच्या बाहेरचं चित्र डोळ्यासमोर आणा. रात्रीची गाडी उशिरा आलेली, कडेवर झोपलेलं मूल घेतलेल्या एक ताई बाहेर येतात, चार रिक्षावाले एकदम विचारतात, “कोठे जानं शे?” अशा वेळी त्यांना तीन गोष्टी पटकन दिसायला हव्यात: चालकाचा चेहरा, गाडीचा नंबर आणि ओटीपी. ताई आधी पाटीवरचा नंबर अ‍ॅपशी जुळवतील, मग चेहरा बघतील, आणि आत बसल्यावरच ओटीपी सांगतील. फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तो द्यायचा नाही, हे अ‍ॅपमध्येच मोठ्या अक्षरांत लिहा. चालकालाही सांगा की ओटीपी टाकल्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्यात त्याचंही संरक्षण आहे, कारण फेरीची नोंद झाली तरच पुढच्या वादात त्याच्याकडे काही पुरावा राहतो.

प्रवास सुरू झाला की घरच्यांना लोकेशनची लिंक एका बोटावर जायला हवी, आणि फेरी संपली की ती बंद व्हायला हवी. प्रवाशाचा मोबाइल नंबर चालकाला दिसू नये, फोन मधल्या नंबरावरून लागावा. धोक्याचं बटण थेट 112 ला फोन लावणारं ठेवा आणि त्याच वेळी तुमच्या मदत-क्रमांकालाही कळू द्या. त्या क्रमांकावर पाळीने माणूस बसवा. त्याला अहिराणी समजली पाहिजे. यावल-रावेरकडचे लोक लेवा बोलीत बोलतील, तेही कळलं पाहिजे. घाबरलेला माणूस आपल्या घरच्या भाषेतच बोलतो, म्हणून मी यावर एवढा भर देतोय.

सातपुड्यात, धडगाव-तोरणमाळच्या वाटेवर रेंज जाते. तिथे अ‍ॅपवर विसंबू नका. निघताना चालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि अंदाजे पोहोचायची वेळ एसएमएसने घरी जाऊ द्या. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात फेरी बंद झाली नाही, तर मदत-क्रमांकावरच्या माणसाने स्वतः फोन करायचा.

चौथी पायरी: पैसे. माझं स्पष्ट मत असं की प्रवाशाचे पैसे संस्थेच्या खात्यात घेऊच नयेत. दुसऱ्यांचे पैसे गोळा करून वाटायला लागलात की रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा प्रश्न येतो आणि चालकाच्या मनातही शंका येते. भाडं यूपीआयने किंवा रोखीने थेट चालकाला द्यावं. संस्थेचा खर्च दिवसाच्या वर्गणीतून भागवा, आणि ज्या दिवशी रिक्षा फिरलीच नाही त्या दिवशी वर्गणी नको. मे महिन्यात जळगावात पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात. तेव्हा हा नियम चालकाला फार मोलाचा वाटेल.

चालकाचा क्यूआर रिक्षात आतल्या बाजूला लावा. बाहेर लावला तर त्यावर दुसरा चिकटवणारे भेटतात. पैसे देण्याआधी पडद्यावर आलेलं नाव प्रवाशाने वाचावं. चालकाने स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नये, आपल्या फोनवर बँकेचा मेसेज किंवा स्पीकरचा आवाज आल्यावरच पैसे आले समजावं. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे स्टँडवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ झालं पाहिजे. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत-क्रमांकावर फोन करा, वेळ घालवू नका. साध्या फोनवाल्या आजी-आजोबांसाठी यूपीआय 123पे आहे, आणि रोख तर आहेच. रोखीचं भाडंही अ‍ॅपमध्ये नोंदवा.

आता वाद होतो कसा ते पाहू. समजा पिंप्राळ्यापासून फुले मार्केटपर्यंत अ‍ॅपने 70 रुपये दाखवले आणि उतरताना चालक 90 मागतोय. पावतीवर किलोमीटर, दर, थांबण्याचे पैसे, रात्रीचा आकार अशा वेगळ्या ओळी असतील, तर वीस रुपये कुठून आले हे दोघांनाही दिसेल. थांबण्याचे पैसे लागले असतील तर ते चालकाला मिळालेच पाहिजेत.

पाचवी पायरी: तक्रार. चालकाला थेट बंद करू नका, पण तक्रार गंभीर असेल तर चौकशी होईपर्यंत फेऱ्या थांबवा. निर्णय देणाऱ्या समितीत चालक हवेत, तसे प्रवासीही हवेत, आणि त्यात किमान दोन महिला हव्यात. तीन दिवसांत निकाल द्या आणि कारण लेखी द्या. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून निकाल स्टँडच्या फलकावर लावा. सुरुवातीचा महिना एकाच स्टँडवर, दिवसाउजेडीच सेवा चालवा. रात्रीच्या फेऱ्या मदत-क्रमांकावरच्या पाळ्या नीट भरल्या गेल्यावरच सुरू करा.