आजीच्या शेजारी बसून गोधडी शिकताना

सातारा-कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात ती गोधडी शिकायची असेल, तर आजीला काही विचारण्याआधी तिची सुई ओवून द्यावी. नजर मंदावली तरी हात टाका विसरत नाहीत. पण तो कसा पडतो हे तिला सांगता येईलच असे नाही, म्हणून समोर न बसता तिच्या शेजारी, त्याच कडेला बसावे. समोरून पाहिलेला हात उलटा दिसतो.

कापड जुने, सुती आणि धुऊन धुऊन मऊ झालेले घ्यावे. कोरे कापड पहिल्याच धुण्यात आटते, जुने आटत नाही, आणि दोन्ही एकत्र शिवली की चुण्या पडतात. नायलॉनची साडी थरांमध्ये सरकते. ती मी तरी कधीच घालत नाही. नऊवारी लुगडे सुमारे 8 मीटर भरते, त्यातून एकट्याच्या पांघरुणाएवढे चार थर निघतात. फाटके तुकडे आत आणि धडके कापड बाहेर, अशी मांडणी करावी.

खरी कसोटी थर पसरण्यात आहे. प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सारवल्यासारखा सपाट करावा, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवावा आणि मगच लांब कच्चे टाके घालावेत. माझ्या पहिल्या गोधडीत मी हे घाईने उरकले आणि मधोमध बोटभर जाड वळी उभी राहिली. आजीने ती चाचपली आणि एवढेच म्हणाली, "उसव." उसवायला शिवण्याहून जास्त वेळ लागला.

पक्का धावदोरा कडेपासून चौकोनी फेऱ्यांनी आत न्यावा किंवा सरळ ओळींत घालावा. आजीची जी रीत असेल तीच धरावी. दोरा हातभरच घ्यावा, लांब दोरा गुंततो. आता तिचा डावा हात पाहा: तो कापडाखाली असतो आणि सुईचे टोक बोटाला किंचित लागले की सगळे थर धरले गेले, हे तिला कळते. मग तीन-चार टाके सुईवर गोळा करून ती दोरा ओढते, मात्र कापड आक्रसेल इतका ताणत नाही. तिच्या ओळीला खेटून आपली ओळ घालावी, म्हणजे टाक्याचे माप वेगळे शिकावे लागत नाही. सकाळी आपली कालची ओळ उसवलेली दिसली, तर कोणी उसवली हे न विचारता तिथूनच पुन्हा सुरुवात करावी.