मेनिएर विकार : चक्कर आल्यावर काय करावे आणि काय नोंदवून ठेवावे

मेनिएर विकारात चकरेचे झटके येतात आणि त्यांसोबत कानाला दडा बसतो, आवाज घुमतो व ऐकू कमी येते. यात अंतर्कर्णातील, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागातील, एंडोलिम्फ हा द्रव प्रमाणाबाहेर साचलेला आढळतो. तो का साचतो, याचे निश्चित उत्तर अद्याप मिळालेले नाही. प्रॉस्पेर मेनिएर या फ्रेंच वैद्याने 1861 मध्ये अशा चकरेचे मूळ कानात असू शकते असे मांडले. तरीही आज निदानावर शिक्कामोर्तब करणारी एकही स्वतंत्र तपासणी नाही, आणि म्हणूनच रुग्णाने स्वतः ठेवलेली नोंद फार मोलाची ठरते.

झटका येताच जिथे असाल तिथे बसावे किंवा आडवे व्हावे, डोके हलवू नये आणि नजर एखाद्या स्थिर वस्तूवर ठेवावी. उलटी होत असल्यास कुशीवर वळावे. चक्कर दाबणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने झटक्यापुरतीच घ्यावीत, कारण ती दीर्घकाळ घेत राहिल्यास तोल नव्याने सावरण्याची मेंदूची क्षमता मंदावते. बोलणे अडखळणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूची शक्ती जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही चकरेसोबत दिसल्यास तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

झटका ओसरल्यावर सर्वप्रथम तो किती वेळ टिकला हे लिहावे. मेनिएरची चक्कर साधारण 20 मिनिटांपासून 12 तासांपर्यंत टिकते, तर कूस बदलताना येऊन मिनिटभरात थांबणारी चक्कर बहुधा अंतर्कर्णातील कण सरकल्यामुळे येते आणि तिचा उपचार अगदी वेगळा असतो. त्यानंतर कोणत्या कानाला दडा बसला, आवाज घुमला का, ऐकू कमी आले का, हे नोंदवावे. केवळ ‘चक्कर येते’ एवढे सांगितल्याने डॉक्टरांना फारसे हाती लागत नाही. श्रवणचाचणी शक्यतो झटक्यानंतर लवकर करून घ्यावी, कारण सुरुवातीला खालच्या पट्टीतील आवाजांची श्रवणक्षमता कमी होऊन पुन्हा सुधारते आणि उशिरा केलेल्या चाचणीत हा फरक निसटू शकतो. श्रवणतंत्रिकेवर गाठ नाही याची खात्री करण्यासाठी एमआरआय सुचवला जाऊ शकतो.

आहारातील मीठ कमी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला भक्कम पुरावा नाही, तरी तो काही काळ पाळून नोंदवहीत फरक पाहणे मला रास्त वाटते. बीटाहिस्टिन या चकरेवर दिल्या जाणाऱ्या औषधाबाबतही संशोधनाचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. झटके आटोक्यात येत नसल्यास कानाच्या पडद्यामागे स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते. जेंटामायसिन हे प्रतिजैविकही तसेच देतात, परंतु त्यामुळे श्रवणशक्ती घटण्याचा धोका असल्याने तो निर्णय सविस्तर चर्चेनंतरच घ्यावा.