ज्युनिपर बोन्साय: कुंडी आत्ता बदला, मोठा वाक पुढच्या थंडीत द्या

संक्रांत झाली की नाशिकची थंडी ओसरायला लागते. निफाड-पिंपळगावकडे पहाटे अजून हुडहुडी भरते, पण दुपारचं ऊन चटका द्यायला लागलेलं असतं. ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाची मुळं याच सुमाराला कामाला लागतात. म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा आपल्याकडे कुंडी बदलण्याचा काळ. मार्चपर्यंत रेंगाळलात तर नवी मुळं धरायच्या आत एप्रिलचं चाळीस अंशांचं ऊन येऊन ठेपतं, आणि त्यातून झाड वाचवणं फार कठीण जातं.

आधी गरज आहे का ते पाहा. वरून घातलेलं पाणी मुरायला वेळ लागतो, ते मातीवर साचून राहतं, किंवा मुळांच्या दाटीने झाड कुंडीच्या काठावर उचललं गेलंय, तरच हात घाला. कोवळ्या झाडाला दोन-तीन वर्षांनी, जुन्याला चार-पाच वर्षांनी कुंडी बदलणं पुरतं. दर वर्षी उपटून पाहायची हौस ज्युनिपरला मानवत नाही.

खरी मेख मातीत आहे. आपली काळी माती शेतात सोनं असली तरी उथळ कुंडीत तिचा चिखल होतो आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. नर्सरीतल्या रोपाचा गड्डाही बहुतेकदा चिकट लाल मातीचा असतो. बाहेरची माती ओली आणि गाभा कोरडा ठणठणीत, अशी त्याची गत होते. मिश्रण रवाळ हवं. भाजक्या विटेचे तुकडे, मिळाला तर प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा लाव्हा खडा, थोडं परलाइट (हलके पांढरे दाणे) आणि मूठभर कुजलेला पालापाचोळा. दोन ते पाच मिलिमीटरचाच खडा ठेवा. बारीक चाळणीतून खाली पडणारी भुकटी फेकून द्या, विटेची असली तरी. अनेक जण इथेच कंटाळा करतात आणि पावसाळ्यात मुळं कुजली की खताला दोष देतात.

गड्डा सोडवताना लाकडी काडीने कडेकडेची माती मोकळी करा. एका खेपेला निम्मीच जुनी माती काढा, उरलेली पुढच्या वेळी. पाण्याच्या झोताखाली मुळं धुऊन उघडी करणं ज्युनिपरला सोसत नाही. मुळांवर पांढरी बुरशीसारखी जाळी दिसली तर घाबरू नका, ती मुळांना मदत करणारी बुरशी आहे, थोडी नव्या मातीतही मिसळा. मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. त्याच वेळी पालाही उतरवू नका, कारण ज्युनिपरची ताकद पाल्यात असते. कुंडीच्या भोकांवर जाळी, मग झाड तारेने तळाशी घट्ट बांधा. वाऱ्याने झाड हललं तर कोवळी मुळं तुटतात. शेवटी काडीने माती मुळांच्या पोकळीत नीट खाली सरकवा आणि तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या.

पुढचे दोन-तीन आठवडे झाड पन्नास टक्के शेडनेटखाली, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. पाल्यावर सकाळी पाण्याचा फवारा मारा. महिना-दीड महिना खत नाही. दिवाणखान्यात मात्र आणू नका, ज्युनिपर हे उघड्यावरचं झाड आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुळं मेली तरी पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो. त्यामुळे ‘अजून हिरवं आहे’ यावर विसंबू नका, शेंड्याला नवी फूट येते का ते पाहा.

आता फांद्यांना वाक देण्यासाठी गुंडाळायची तार. कुंडी बदललेल्या झाडाला त्याच हंगामात मोठा वाक देऊ नका, ते काम पुढच्या थंडीत, दिवाळीनंतर. किरकोळ फांदी वळवायचीच असेल तर कुंडी बदलण्याआधी तार बांधा, नंतर नाही. नाहीतर नुकती बसवलेली मुळं हलतात. द्राक्षाच्या मांडवाची जस्ती तार वापरायचा मोह होईल, पण ती ताठ असते, फांदीची साल सोलते. मऊ ॲल्युमिनियमची तार घ्या, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. पंचेचाळीस अंशांच्या तिरप्यात गुंडाळा, पाला तारेखाली चेंगरू देऊ नका. वाकाच्या बाहेरच्या बाजूला तारेचा वेढा आला पाहिजे, तिथेच साल फाटते. अंगठे आतल्या बाजूला टेकवून हळूहळू वाकवा. कडकड ऐकू आली की थांबा.

मार्चपासून लाल कोळी ही पाल्यातला रस शोषणारी बारीक कीड येते. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. बारीक ठिपके चालायला लागले तर तो बहुधा कोळीच. पाल्याच्या आतून पाण्याचा जोरदार फवारा मारून सुरुवात करा. गंधक मारायचं असेल तर ऊन तापण्याआधीच, द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. बत्तीस अंशांच्या वर पारा असताना ते पाला जाळतं.

पाऊस सुरू झाला की फांद्या झपाट्याने जाड होतात. जूनपासून दर आठवड्याला तार पाहा. सालीत रुतायला लागली तर वाक धरला नसला तरी काढा, आणि काढताना उलगडू नका, कटरने वेढ्यागणिक तुकडे करून उचला.