बॅकअप सर्व्हरला क्लायंटचं नाव सापडत नाही? डीएनएस असं तपासा

नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरचा रात्रीचा जॉब स्टेटस ४८ देऊन पडला, तर क्लायंटचं, म्हणजे ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा त्याचं, होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) सापडलेलं नाही. पॉलिसी (कशाचा, कधी बॅकअप घ्यायचा ते ठरवणारी सेटिंग) आणि डिस्क चाळत बसू नका. आधी नाव तपासा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी डीएनएस यंत्रणा नीट उत्तर देते का ते बघा.

१. पॉलिसीत क्लायंटचं नाव जसं लिहिलंय, तसंच्या तसं कॉपी करून बॅकअप सर्व्हरवर एनएसलुकअप (nslookup) या कमांडला द्या. मग डोमेनसकट पूर्ण नाव द्या. पूर्ण नाव सापडलं पण छोटं नाही, तर सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमधली डोमेनची सर्च लिस्ट (छोट्या नावाला जोडून बघायच्या डोमेनची यादी) बघा. ‘असं नाव नाही’ असं उत्तर आलं, तर डीएनएसमध्ये नोंदच नाही. टाइमआउट झाला, तर डीएनएस सर्व्हरचा पत्ता आणि फायरवॉलमधलं पोर्ट ५३ तपासा. ते यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडं हवं.

२. आता मिळालेला आयपी देऊन नाव विचारा. हा रिव्हर्स लुकअप बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. समोरून कनेक्शन येतं तेव्हा हाती फक्त आयपी असतो, त्यावरून नाव काढून ते मशीन ओळखीचं आहे का हे ठरतं. जुन्या मशीनचा आयपी नव्याला दिला आणि आयपीवरून नाव सांगणारी डीएनएसमधली पीटीआर नोंद बदलायची राहिली, की नाव भलत्याचंच निघतं.

३. एनएसलुकअप बरोबर उत्तर देतंय, तरी जॉब पडतोय? एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारतं. नेटबॅकअप मात्र ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतं आणि ती सहसा आधी होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नावं आणि आयपींची यादी) बघते. तिथे कुणीतरी कधीकाळी टाकलेली ओळ असेल, तर डीएनएस कितीही नीट करा, उपयोग नाही. म्हणून खरी चाचणी नेटबॅकअपच्याच बीपीसीएलएनटीसीएमडी (bpclntcmd) या कमांडने करा. ‘-एचएन’ला (-hn) नाव द्या, ‘-आयपी’ला (-ip) पत्ता द्या.

४. हेच सगळं क्लायंटवरून बॅकअप सर्व्हरच्या नावासाठी करा. तिथे त्याच कमांडला ‘-पीएन’ (-pn) द्या, म्हणजे मास्टर सर्व्हर (सगळे बॅकअप चालवणारा मुख्य सर्व्हर, आता त्याला प्रायमरी सर्व्हर म्हणतात) या क्लायंटला कोणत्या नावाने ओळखतो ते दिसेल. मीडिया सर्व्हर (बॅकअपचा डेटा डिस्कवर किंवा टेपवर लिहिणारा) वेगळा असेल, तर तोही सोडू नका.

५. दुरुस्तीनंतर त्याच कमांडला ‘-क्लिअर_होस्ट_कॅश’ (-clear_host_cache) देऊन चालवा. नेटबॅकअप नावं स्वतःकडे साठवून ठेवतं, त्यामुळे काही वेळ जुनंच उत्तर मिळत राहतं. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ (ipconfig /flushdns) ही कमांडसुद्धा द्या. मग हाताने एक बॅकअप सुरू करून बघा.

घाईत प्रत्येक क्लायंट होस्ट्स फाइलमध्ये टाकू नका. आयपी बदलला की त्या ओळी कुणाला आठवत नाहीत. मात्र मास्टर, मीडिया आणि डीएनएस सर्व्हर यांच्या नोंदी तिथे जरूर ठेवा. डीएनएस सर्व्हरच कोसळला, तर तो बॅकअपमधून परत उभा करताना नाव सांगायला दुसरं कुणी नसेल. आयपी बदलताना या नोंदी बदलायचं काम चेंज रिक्वेस्टमध्येच लिहा.